जपानी बाईच्या हातावरची जखम

मेहकर, शनिवार, डिसेंबर १९५४

यंदा पाहिलेल्या चित्रपटांत पहिला कोणता, ते आज ठरलं. फिरत्या टॉकीजच्या तंबूतला जपानी. नागपूरला नर्सिंगच्या परीक्षेच्या वेळी पाहिलेला बंगाली आता दुसरा.

पण हा मी उलटसुलट पाहिला. शेतकरणीच्या हातावरची विळ्याची जखम आधी भरलेली, आणि पुढच्या रिळात ताजी. दवाखान्यात रोज पट्ट्या बांधते मी. जखम अशी मागे जात नाही.

बायका कंटाळल्या होत्या. "हे काय चालून राह्यलं माय?" शेजारची म्हणाली. खेळ सुटल्यावर टॉकीजचे मालक ऑपरेटरला सांगत होते, "कोनाले काई समजलं नाई. उद्या रिळांचे डबे परत धाड."

मी आपणहून कुणाशी बोलत नाही. तरी गेले. "तिसऱ्या रिळाआधी चौथं लागलं," म्हटलं.

ऑपरेटर हसला. "जपानी येते काय तुमाले, नर्सबाई?"

"जखमा कळतात."

त्यानं डबे पाहिले. झाकणांची अदलाबदल झाली होती. मग हसला नाही.

मालक म्हणाले, "बरं, उद्या अजून एक खेळ लावतो. पन खालचं इंग्रजी वाचून बायकायले तुमीच सांगा, मोठ्यानं. सांगसान?"

हो म्हणून बसले. भरल्या तंबूत, मोठ्यानं? मी?

सांगेन. फक्त जखमेपाशी नाही. तिथे ती बाई काहीच बोलत नाही, नुसता हात पाण्यात धरून बसते. तिथे मीही गप्प राहीन. बायकांना दिसेल.