आईच्या नाकातला मध

अण्णा, झालं ते आधी क्रमानं लिहिते.

१. आईची उजवी नाकपुडी दिवाळीपासून बंद आहे. पू येतो, कपाळ ठणकतं.
२. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. तिन्ही पूर्ण घेतले. गोळ्या मी स्वतः दिल्या.
३. नाकातला स्वॅब मी काम करते त्याच लॅबमध्ये तपासला. जंतू बहुतेक औषधांना दाद देत नाहीत.
४. स्कॅनमध्ये सायनस आणि डोळा यांच्यामधलं हाड झिजलेलं दिसतं. लातूरच्या डॉक्टरांनी शुक्रवारी ऑपरेशन ठरवलंय. थांबलो तर डोळ्याला धोका आहे.
५. आई नाही म्हणते. कारण तुम्ही.

तुम्ही जाऊन सहा वर्षं झाली, तरी घरात औषधाबाबत शेवटचा शब्द तुमचाच. जळकोटच्या दवाखान्यात तुम्ही कंपाउंडर होता. डॉक्टर बाहेरगावी गेले की लोक तुम्हालाच डॉक्टर म्हणत आणि तुम्ही ते दुरुस्त करत नव्हता. न भरणाऱ्या जखमेवर तुम्ही मधाची पट्टी बांधायचात, आणि ती बऱ्याचदा भरायची. ते मी नाकारत नाही. पण तोच मध तुम्ही आईच्या नाकात सोडलात. स्वयंपाकघरात ती पाटावर मान मागे टाकून बसली आहे, तुमच्या हातात कोमट पाण्याची वाटी. मी बारा वर्षांची. मध किती, पाणी किती, असं विचारते आहे. वर न बघता तुम्ही म्हणता, "डोळ्याला कळतंय. समदं मोजून द्यायला आपुन काय सोनार हाव?" आई हसते. मी वही मिटते. ती साधी सर्दी होती, अण्णा. आठ दिवसांत तशीही गेली असती.

आता ती रोज सकाळी मधाचं पाणी तळहातावर घेऊन नाकानं ओढते. मुखेडच्या मावशीनं बाजारातून मध पाठवलाय. मी कागदावर चित्र काढून दाखवलं: जखम उघडी असते, तिथं मध जंतूंवर बसतो, सायनस म्हणजे हाडातली बंद खोली, पुवानं भरलेली, तिचं दार सुजलेलं. मध आत पोचतच नाही. आईनं चित्र नीट पाहिलं आणि विचारलं, मग जास्त ओढू का.

मी चिडले. डोळा जाईल, म्हणाले. तिनं शांतपणे पदरानं नाक पुसलं.

"तुज्या अण्णांनी ह्या नाकाला कधी सुरी लागू दिली न्हाई," ती म्हणाली. "ते सपनात येऊन जा म्हणले तर जाते. तू कितीबी शिक, त्यांची लेकच हायस."

म्हणजे माझ्या सहीनं रोज लोकांचे रिपोर्ट जातात, आणि माझ्या आईचा डोळा अडलाय एका गेलेल्या माणसाच्या संमतीवर. डॉक्टरांना मी कारण काय सांगू?

मागच्या आठवड्यात तुमच्या दवाखान्यातल्या जुन्या सिस्टर भेटल्या. मी नांदेडला शिकत असताना तुम्ही एसटीच्या कंडक्टरकडे दोन बाटल्या तपासायला दिल्या होत्या, एकीत मध, दुसरीत तुलनेसाठी काकवी. मी दोन्ही सारख्याच पातळ करून जंतू वाढवायच्या प्लेटवर लावल्या, कशाभोवती जंतू मरतात ते बघायला. तुम्ही फोनवर विचारलंत, काय निघालं. काही नाही, मी म्हणाले. बरं, एवढंच तुम्ही बोललात. सिस्टर सांगत होत्या, त्याच दिवशी तुम्ही मधाची बरणी कपाटात ठेवलीत आणि पुन्हा कुणाच्या जखमेला मध लावला नाहीत. "लेकीनं तपासलंय," असं दवाखान्यात येणाऱ्यांना सांगायचात म्हणे.

हे आईला ठाऊक नाही. सांगितलं तर ती शुक्रवारी मुकाट येईल.

पण काकवीभोवती जंतू जोमानं वाढले होते, आणि मधाभोवती स्वच्छ वर्तुळ होतं, अठरा मिलिमीटरचं. मी ते मोजलं, आणि तुमच्याशी खोटं बोलले. तुमचं बरोबर निघालेलं मला नको होतं.

हे पत्र टाकायला पत्ता नाही, तरी विनंती करते. गुरुवारपर्यंत आईच्या स्वप्नात जाऊन तिला हो म्हणायला सांगा. तुमच्याकडून काही आलं नाही, तर शुक्रवारी सकाळी मी तिला सांगणार आहे की अण्णांनी मध वापरणं बंद केलं होतं, माझ्या रिपोर्टवरून.