मागचं दार आधी

ता. ६ जानेवारी

चि. सौ. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

मायन्यात ‘सौ.’ लिहिलं गेलं. हाताची सवय. लिहिलेलं खोडणं मला आवडत नाही, तेव्हा राहू दे तसंच.

तुझं पत्र नाही, म्हणून मीच लिहिते आहे. गुरुवारी मंडळाची मासिक सभा झाली. खजिनदार मागच्या सभेचा वृत्तांत ऐकता ऐकता झोपले आणि जाग येताच मंजूर, मंजूर म्हणाले. उपाध्यक्षीणबाईंनी खुर्च्या कोणी मोडल्या यावर वाद उकरून काढला. मग हजेरी झाली आणि आपल्या बापूचं नाव पुकारलं.

नियम माझाच आहे. मंडळाचा माणूस गेला, की वर्षभर त्याचं नाव हजेरीत घ्यायचं, आणि त्याचं काम ज्यानं उचललं असेल त्यानं उभं राहून ‘काम चालू’ म्हणायचं. वर्षभरात कोणी उठलं नाही, तर नावही वगळायचं आणि कामही. नियम केला तेव्हा मला आमचे म्हातारे सभासद दिसत होते. पोटचा पोर दिसत नव्हता. मार्चच्या सभेला वर्ष पुरं होतं. त्याचं नाव पुकारलं की सगळे आपापल्या चपलांकडे बघत बसतात.

डायलिसिसच्या आजाऱ्यांना दवाखान्यात नेणारी बापूची गाडी सध्या भाडोत्री ड्रायव्हरवर चालली आहे. मनात आलं तर येतो, नाही तर नाही. परवा शिंपीकाका सकाळभर फाटकाशी ताटकळले. असल्या माणसाला मी ‘काम चालू’ म्हणू देणार नाही.

तुला गाडी येते. बापूच म्हणायचा, की तू त्याच्यापेक्षा बरी चालवतेस, फक्त हॉर्न वाजवायला लाजतेस. तुझी खोली आहे तशीच आहे. वाचनालयात एक जागा रिकामी होते आहे, मी बोलून ठेवलं आहे. तू ये. मार्चच्या सभेत त्याचं नाव आलं, की उठायचं. एवढंच काम.

उलट टपाली उत्तर लिही. माया आहेच, ती लिहून दाखवायची मला सवय नाही.

तुझी,
आई

ता. १७ जानेवारी

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

पत्र मिळालं. पाकीट हातात घेतलं तेव्हाच वहिनीला म्हटलं, की यात हुकूम आहे. रागावू नका.

माझं इथं बरं चाललं आहे. भावाच्या घरापासून हाकेच्या अंतरावर खोली आहे. शाळेच्या कचेरीत दिवसभर दाखले लिहिते. हेडमास्तरांनी विचारलं, एवढं नेटकं अक्षर कुठल्या शाळेत शिकलात? मी म्हटलं, सासरी. ते हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. तुम्ही माझ्या वाणसामानाच्या यादीतल्या वेलांट्यासुद्धा लाल पेनानं दुरुस्त करायच्या, हे त्यांना कुठून माहीत असणार?

तुमचा गुडघा कसा आहे? वाचनालयाचा जिना चढताना मध्ये थांबत जा. मंडळाच्या विक्रीसाठी जुन्या पुस्तकांचं एक खोकं पाठवते आहे. त्याची रहस्यकथांची दोन पुस्तकं मात्र ठेवून घेतली. शेवटी खुनी कोण, ते तो पहिल्याच पानावर पेन्सिलीनं लिहून ठेवायचा, मला वाचता येऊ नये म्हणून.

आई, येणं मला जमणार नाही. कारण विचारू नका. गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला, तरी माझे हात गार पडतात. दुसरं काहीही सांगा, ऐकेन.

राग आला तरी लोभ कमी करू नका.

तुमची,
सूनबाई

ता. ५ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
अनेक आशीर्वाद.

खोकं पोचलं. पुस्तकं खपली. पाकक्रियेची सगळ्यात आधी आणि व्याकरणाची सगळ्यात शेवटी, म्हणजे मीच घेतली तेव्हा.

तुला माहेर गोड लागलं असेल तर तसं स्पष्ट लिही. हात गार पडतात हे कारण झालं नाही. हात माझेही गार पडतात. मी हातमोजे घालते.

तू येत नाहीस, म्हणून मीच गाडी शिकायला लागले आहे. हसू नकोस. शिकवणारा मुलगा मला आजी म्हणतो आणि वळण आलं की डोळे मिटतो. पहिल्या दिवशी मी गाडी भाजीवाल्याच्या ढिगात घातली. उपाध्यक्षीणबाई भर सभेत म्हणाल्या, की अध्यक्षबाई गाडी चालवणार असतील तर दवाखान्यात माणसं पोचवायला दुसरी गाडी घ्यावी लागेल. मी त्यांना सांगितलं, की आधी तुम्हालाच पोचवीन. त्यानंतर त्या दोन दिवस बोलल्या नाहीत, मंडळाला विश्रांती मिळाली.

गाडीत चढले की दारावरची माझीच पाटी दिसते: ‘मागचं दार आधी.’ गाडी थांबली की चालवणाऱ्यानं आणि मदतनिसानं पहिल्यांदा मागचं दार उघडून आजारी माणसं उतरवायची, मगच स्वतःचं बघायचं. फार पूर्वी एक जण चहाला गेला आणि मागे एक बाई कोंडून राहिली, तेव्हापासूनचा नियम. बापूनं तो कधी मोडला नाही. वर्गणीच्या पत्रकात मी लिहिलं आहे, की दवाखान्याच्या दारात गाडी सरळ लावून माझा मुलगा क्षणात गेला. लोक ते वाचून वर्गणी देतात. मी तेच वाचून झोपते.

विचार बदलला तर कळव.

तुझी,
आई

ता. १३ फेब्रुवारी

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

भाजीवाल्याचं वाचून मी आणि वहिनी पोट धरून हसलो, आणि मग मला रडू आलं. माहेरचं लिहिलंत ते मात्र लागलं. माहेर गोड असतं तर ओली उशी रोज उलटी करावी लागली नसती.

पाया पडते, पण गाडीचा हट्ट सोडा. तुम्हाला काही झालं तर माझं तिथं कोण आहे?

तो क्षणात गेला, त्रास झाला नाही, हे मी तेव्हा सांगितलं होतं. तेवढं धरून ठेवा. बाकी सगळं सुटलं तरी चालेल.

मला विसरू नका, एवढंच मागणं.

तुमची,
सूनबाई

ता. २४ फेब्रुवारी

चि. सूनबाईस,
आशीर्वाद.

गाडीच्या परीक्षेत नापास झाले. आयुष्यातली पहिली वेळ. तो मुलगा आनंद लपवत नव्हता.

ते सोड. काल शिंपीकाकांकडे गेले होते. भाडोत्री ड्रायव्हर पुन्हा आला नव्हता, म्हणून माफी मागायला गेले. त्यांनी मशीनवरचं कापड बाजूला सारलं आणि माझी समजूत घालत बसले. म्हणाले, शिस्त असावी तर तुमच्या सुनेसारखी. त्यांचे मालक स्टिअरिंगवर डोकं टेकून बसलेले, घामानं निथळलेले, पण बाईंनी आधी मागचं दार उघडलं. चाकाची खुर्ची उतरवायची फळी अडकली होती, ती हिसके मारून सोडवली, आम्हा सगळ्यांना सावलीत बसवलं, आणि मग धावत पुढे गेल्या. अशी माणसं आता कुठे मिळतात?

हे ते कौतुकानं सांगत होते. मी चहा अर्धा ठेवून उठले.

म्हणजे तो क्षणात गेला नाही. तो बसला होता, आणि तू माझा नियम पाळत होतीस.

मी तुला बोल लावत नाही आहे, हे नीट वाच. मला एवढंच कळव: तो बसला होता, तेव्हा तुझ्याशी काही बोलला का?

आई

ता. १ मार्च

ती. आईंस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं त्या दिवशी कचेरीत गेले नाही.

हो, तो बसला होता. आम्हाला वाटलं, पित्त झालं आहे. आदल्या दिवशी त्यानं कबूलही केलं होतं, की जेवायची वेळ टळली. काका सांगतात तसंच घडलं. फळी अडकली होती. मी परत आले तेव्हा त्याचा श्वास थांबला होता.

काही बोलला नाही, आई. डोळे मिटून होता. झोप लागल्यासारखा. मी खांद्याला हात लावला, तेव्हाही काही बोलला नाही. तुम्ही मनाला लावून घ्यावं असं काही झालं नाही. नियमाचं काही मनात आणू नका. नियम नसता, तरी मी त्यांनाच आधी उतरवलं असतं.

गुडघ्याला शेक घेत जा. दूर असले तरी तुमचीच आहे, एवढी जागा राहू द्या.

सूनबाई

ता. ११ मार्च

चि. सूनबाईस,
अनेक, अनेक आशीर्वाद.

तू खोटं लिहिलंस. जन्मभर मी खोटं बोलणाऱ्या मुलांना वर्गाबाहेर उभं केलं. तुझं पत्र मात्र उशाशी ठेवलं आहे.

शिंपीकाका गाडीत ड्रायव्हरच्या पाठीशीच बसतात. त्यांना डायलिसिस आहे, कान चांगले आहेत. मी त्यांच्याकडे गेले त्याच दिवशी त्यांनी मला सगळं सांगितलं होतं. तू त्याचे बूट काढायला वाकलीस, तेव्हा त्यानं तुझा हात झटकला आणि म्हणाला, मागचं दार आधी, नाहीतर आई ओरडेल. काकांना त्यातही आईबद्दलचा आदरच दिसला. मला ठाऊक असून मी तुला विचारलं. मास्तरणीची खोड. पण उत्तर वाचल्यावर कळलं, तू इथून का गेलीस आणि परत का येत नाहीस. समोर बसून रोज माझ्याशी हे खोटं बोलणं तुला जमलं नसतं.

मी डॉक्टरांकडेही जाऊन आले. विचारलं, लगेच आत आणलं असतं तर? म्हणाले, सांगता येत नाही. मी तिथंच बसून राहिले. मला ‘नाही’ ऐकायचं होतं. डॉक्टर खोटं बोलायला तयार झाले नाहीत. तू झालीस. वर्षभर एकटीनं.

काल सभा झाली. त्याचं नाव पुकारलं. कोणी हललं नाही. मग उपाध्यक्षीणबाई उठायला लागल्या. त्यांना साधी सायकल येत नाही, पण ‘काम चालू’ म्हणायला उठत होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी त्यांना खाली बसवलं. म्हटलं, काम बंद, पुढचं नाव घ्या. खजिनदार जागे होते. पुढचं नाव त्यांचंच होतं, पण हजर म्हणायचं सोडून ते चष्मा पुसत राहिले.

गाडी दवाखान्याला दिली. त्यांचा पगारी माणूस चालवील, काकांना फाटकाशी थांबावं लागणार नाही. पत्रकं फाडली. दारावरची पाटी मी स्वतः पातेली घासायच्या काथ्यानं घासून काढली. आता जो जास्त आजारी, त्याचं दार आधी. हे त्या माणसाला तोंडी सांगितलं. लिहून दिलं नाही. मंडळात मी हल्ली आवाज चढवत नाही. सगळ्यांना वाटतं, माझी तब्येत बिघडली आहे.

तुला परत ये म्हणणार नाही. तिथं कोणी चांगला माणूस भेटला आणि पुन्हा ‘सौ.’ लिहायची वेळ आली, तर पहिलं पाकीट माझं असेल.

फक्त एक विचारते. काका म्हणतात, तो हसत हसत म्हणाला. पण काका पाठीमागे होते, त्यांना तोंड दिसलं नाही. तू समोर होतीस. तो खरंच हसत होता, की मला भिऊन म्हणाला?

या वेळी खरं लिही. जे असेल ते. मी वाट बघते आहे.

तुझी,
आई