नॉर्वेची नणंद

तुझ्यामुळे माझ्या नातीची पारोळ्याची सोयरीक मोडली, हे आधी ऐकून घे. बाकीचं मग. तुझं नाव माझ्या जिभेवर बसत नाही, म्हणून नुसतं बाई म्हणते. तू कधीच मेलीस म्हणे. पण नॉर्वेहून निघून आमच्या जळगावातल्या मेहरूणच्या घरात भिंतीवर येऊन बसलीस ती बसलीसच.

नातीच्या ड्रॉइंग मास्तरांनी तिला तू काढलेलं एक चित्र छापील दिलं. निळी खोली, खिडकीतून आलेलं ऊन, त्यात शिवत बसलेली बाई; माझ्या लेखी ती तूच. पोरीनं ते चौकटीत घालून ओसरीत टांगलं. मी म्हटलं, "हिची चूल कुठंय?" तर म्हणते, "आजी, चूल नको बघू, ऊन बघ." जळगावच्या माणसाला ऊन दाखवते! तू लग्न केलं नाहीस, चित्रंच काढलीस, पोरी तुझ्याकडे शिकायला यायच्या, हे सगळं तिनंच सांगितलं. तिलाही धुळ्याला जाऊन ड्रॉइंग शिकायचं होतं. माझा मुलगा म्हणे, आधी लग्न.

पारोळ्याचे पाहुणे पोर बघायला आले. पोर पोह्यांच्या बशा घेऊन उभी, ओठ पांढरे. आमच्याकडे बाई भिंतीवर चढते ती मेल्यावरच, त्यामुळे मुलाच्या आईनं चित्र बघून, ही कधी वारली म्हणून विचारलं, "हाई कोन शे? कवय वारनी?"

"मनी ननंद," मी म्हटलं.

"कपायवर कुकू नही?"

"लगीनच नही करं."

"मंग खाये काय?"

"चित्रं काढीसन खाये. या घरन्या पोरी तिनावरच जातस."

घरच्या पोरी हिच्यावरच जातात म्हटल्यावर पाहुणे चहा अर्धा ठेवून उठले. कळवतो म्हणाले, ते आजतागायत कळवताहेत.

सोयरीक मोडली तसा मुलगा नमला, पोर आता धुळ्याला शिकते. परवा एस.टी.तून उतरली, बोटं रंगानं निळी, आणि दारातूनच ओरडली, "आजी, भूक लागली!" लग्नाचा विषय निघाल्यापासून दोन वर्षांत हा शब्द तिच्या तोंडून ऐकला नव्हता. ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या तीन भाकरी खाल्ल्या. मी तव्याकडे तोंड करून बसले होते, पण छातीवरचा धोंडा उतरला, खोटं कशाला सांगू.

सगळ्यांना वाटतं, म्हातारीची जीभ घसरली. घसरली नव्हती, बाई.

हे पत्र टपालात टाकणार नाही, तुला कुठला पत्ता. डाळीच्या डब्याखाली राहू दे. मुलगा मात्र अजून विचारतो, "आई, मला आत्या कधी होती?" मी तोंड उघडणार नाही. आत्या तू आहेस, उत्तर तूच दे.