कृष्णविवरांच्या गणितावरचे नाव

मी, सोनाजी कडूबा शिंगाडे, वय ७१, भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक, राहणार छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाशिवाय, पूर्ण शुद्धीत आणि पुरेशा रागात लिहीत आहे. राग म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. करमाडची जमीन थोरली बहीण भागूबाई हिला. तिने मेंढ्या राखल्या म्हणून मी शाळेत बसलो. तिच्या हयातीत तिचा मुलगा मुंजाबा याने तिथे प्लॉटिंग टाकू नये. "मामा, त्या काळ्या भोकात काय हाय? जमिनीचं बघा की," असे तो चारचौघांत म्हणाला होता. आता बसावे हात चोळत.

२. देह मेडिकल कॉलेजला द्यावा. दहावा घालू नये. घातला तर आमचे माजी विभागप्रमुख आप्पासाहेब माईक धरून "सोनाजी माझा जिवाभावाचा मित्र" म्हणतील. त्यांना ती सोय नको.

३. कारण लिहून ठेवतो. आमच्या विभागाची रीतच अशी की शोधनिबंध कोणीही लिहो, पहिले नाव प्रमुखांचे. लग्नपत्रिकेत पुढाऱ्याचे असते तसे. दोन कृष्णविवरे एक झाल्यावर गुरुत्वाकर्षणाची थरथर कशी शमते, याचे गणित मी त्यांच्या नावाशिवाय लिहून पुढे पाठवायला आप्पासाहेबांकडे दिले. त्यांनी ते कपाटात डांबले. पुढे तेच परदेशात दुसऱ्यांनी सोडवले आणि त्यांच्या नावाने छापून आले. वर मलाच विचारतात, "माझं नाव टाकलं असतं तर झिजला असता का?" मी त्यांना माफ केलेले नाही. मेल्यावरही केले असे कोणी धरू नये.

४. त्यापुढचे गणित मी आणि माझी विद्यार्थिनी सुगंधा यांनी मिळून सोडवले. ती आता बजाजनगरला शिकवते. निबंधावर तिने माझे नाव वर घातले. "सर, तुमचं नाव नसंल तर मी पाठवतच नाय," म्हणाली. पण निवृत्त झालो तरी माझ्या नावाखाली विभागाचाच पत्ता लागतो; माझे नाव आले की निबंध विभागाचा ठरतो, आणि तिथे सल्लागार म्हणून चिकटलेल्या आप्पासाहेबांचे नाव चढल्याशिवाय कागद हलत नाही. म्हणून या कामाचे सर्व हक्क सुगंधाला, एका अटीवर: नाव फक्त तिचे. माझे खोडावे. हे लिहिताना जीव तुटतो आहे, तरी खोडावे.

शेजारचे कारभारी दांडगे साक्षीची सही सवयीने सगळ्यात वर करायला निघाले होते. त्यांना थांबवले. या एका कागदावर पहिले नाव माझे.

सही: सोनाजी कडूबा शिंगाडे

साक्षीदार: १. कारभारी दांडगे २. वच्छलाबाई दांडगे

छत्रपती संभाजीनगर, ९ फेब्रुवारी २०२४