उंबरा फोडायचा ठराव

२ मार्च, केज

उमापूरहून आत्ता आले. व्याख्यान झालं. विषय मीच दिलेला, 'भूगोल आणि आपण'. आभार मानताना अध्यक्ष म्हणाले, ताईंनी आपल्या मागासपणाची कारणं छान समजावली. मागास हा शब्द मी एकदाही उच्चारला नव्हता. सह्याद्री पाऊस अडवतो आणि आपल्याकडं उरलंसुरलं येतं, हे खरं. पण कालवा कुणाच्या शिवाराकडं वळवायचा हे डोंगर ठरवत नाही, असं मी घसा फोडून सांगत होते. टाळ्या त्याला नाही पडल्या, मधेच म्हटलेल्या एका शेराला पडल्या. शाल, नारळ. आणखी एक शाल.

येताना जीपमध्ये बाळूचा फोन. "आक्का, डोहाचा उंबरा फोडायचं ठरलं. ग्रामसभेत ठराव घेतो. तुला कळवलं बरं का, मागून म्हणू नको."

सरपंच झाल्यापासून धाकटा भाऊ मला कळवतो. विचारत नाही.

४ मार्च

डोकं तापलंय. ग्रामसभेत बोलताना राग पुढं आणि मुद्दा मागं, असं व्हायला नको. म्हणून मांडून ठेवते.

उंबरा म्हणजे ओढ्याला आडवा पडलेला काळा कातळ. त्याच्यामागं डोह. डोहाचं पाणी शेजारच्या विहिरीला पाझरतं आणि त्या विहिरीवर आख्खं गाव पितं. वर मुरमाड माळ, तिथं गवत, मेंढ्या. खाली काळी जमीन, ज्वारी. सुगी झाली की मेंढ्या खाली उतरायच्या, पाण्यासाठी डोहावर थांबायच्या. त्या थांबल्या म्हणून लोकर आणि घोंगड्या विकायला माणसं बसली. म्हणून गुरुवारचा बाजार. बाजार म्हणून निजामाच्या काळात जकातीचं नाकं, नाकं म्हणून रस्ता. आमचे पूर्वज सांगत की गाव आम्ही वसवलं. साफ खोटं. गाव त्या दगडानं वसवलं, आम्ही मागून येऊन पाटीलकी सांगितली.

आणि गाळाचं लिहायलाच हवं. चैत्रात धनगरवाड्यानं डोहातला गाळ काढायचा, शेतकऱ्यांनी तो गाडीनं आपल्या रानात न्यायचा. बदल्यात उन्हाळाभर डोहाचं पहिलं पाणी मेंढ्यांना. लिहिलेलं कुठं नव्हतं, पण मोडत कुणी नव्हतं. मग डोहावर मोटारी बसल्या. पहिलं पाणी उसाला जायला लागलं. धनगरांनी टोपली ठेवून दिली. डोह गाळानं भरत आला, आणि आता माझा भाऊ म्हणतो डोह मेला.

मेला नाही. मारला.

७ मार्च, माहेरी

बाळूशी बोलायला गेले होते. ओसरीवर खुर्च्या, चार माणसं. सगळे त्याला बाळासाहेब म्हणतात. मी बाळूच म्हणाले, त्याचं तोंड आंबट झालं.

"खोलीकरण हाय आक्का. उंबरा फोडला की गाळ आपसूक वाहून जाईल. पाणी मोकळं पळंल."

"कुठं पळंल?"

"पुढं."

"पुढं मांजरा नदी आहे. पाणी पळवायला पाहिजे का थांबवायला?"

तेवढ्यात वहिनी ट्रे घेऊन बाहेर आली. "वन्सं, आदी चहा घ्या. मग भांडा. रिकाम्या पोटी तुमचा आवाज लईच चढतो." ओसरी हसली. मीही हसले, मग हसल्याचाच राग आला.

फोडलेला दगड रस्त्याच्या खडीला जाणार आहे. ठेकेदार कोण, असं विचारलं तर बाळू म्हणाला, चहा गार होतोय.

निघताना पायरीपर्यंत आला. हळू आवाजात म्हणाला, "तू केजची हायेस आता. हितल्या मतदारयादीत तुजं नाव न्हाई. ग्रामसभेत कशी बोलशील?"

"हात वर करून."

वाटेत वाटलं, खरंच, कोणत्या हक्कानं? मग वाटलं, त्याच विहिरीच्या पाण्यावर वाढले. एवढा हक्क पुरे.

९ मार्च

ग्रामसभा. हरले.

बोलू दिलं, ते बाळूचं मोठेपण की हुशारी, कळलं नाही. मी बोलले. चांगलं बोलले, खोटं कशाला लिहू. पारावरची म्हातारी माणसं पुढं सरकून बसली. पोरांनी मोबाईल वर धरले. शेवटी मी धनगरवाड्याकडं हात केला. म्हटलं, या दगडाचे खरे वारस ते आहेत, त्यांना विचारा.

सखूबाई उठली. माझ्यापेक्षा थोडी मोठी, लहानपणी आम्ही डोहात बरोबर पोहायचो. तिच्या घरच्या मेंढ्या अजून आहेत, बाकीच्यांनी विकून मोडल्या. पदर सावरला आणि म्हणाली, "ताई लई चांगलं बोलल्या. फोडा उंबरा."

बसली.

कुणीतरी मागून, "झालं ना बे, वारसानंच सांगितलं." हशा. ठराव मंजूर. गुरुवारचा बाजार उठला की शुक्रवारी मशीन येणार.

माझं पाणी आटून गेल्यासारखं झालं. घरी येऊन भांडी आपटली. सखूवर राग. एवढी पुस्तकं वाचून मी हिच्या बाजूनं उभी राहिले, आणि...

१० मार्च

सकाळीच सखूच्या पालावर गेले. पाल माळावर आहे, मेंढ्या वाघरात, जाळीच्या कुंपणात. जाब विचारायच्या तयारीनं गेले होते.

"कावून म्हणालीस असं?"

"तुमी तिकडं भाषणात सांगता ना, जमीन मानूस घडवती म्हणून? माज्या सुनंनं मोबाईलवर दावलं." बोलताना कोकराच्या पायातला काटा काढत होती. "मंग मला अशीच कावून घडवली? तुमाला काळी जमीन, मला गाळाचं टोपलं. आन् माळ. ह्या माळामुळं माज्या धाकट्याला कोनी पोरगी देईना. मेंढरामागं हिंडनाऱ्याला कोन देतंय? पानी संपलं की मेंढरं मोडायला लागतील. सुटंल तरी पोरगं."

"आणि विहीर? गाव काय पिईल?"

"आमाला त्या विहिरीवर रहाट धरू देत न्हवते. इसरलात? तुमची आई वरून वतायची."

विसरले नव्हते. त्या पाण्याच्या धारेखाली सखू ओंजळ धरायची, मी शेजारी उभी असायचे. व्याख्यानात मी हे कधी सांगितलं नाही. व्याख्यानात मेंढ्या थांबतात, बाजार भरतो, सगळं ओळीनं येतं. कोण ओंजळ धरून उभं होतं, ते येत नाही.

तरी म्हटलं, उंबरा गेला तर तुझ्या सुनेलाही टँकरमागं पळावं लागेल. ती म्हणाली, "पळंल. तुमच्या वहिनीबी पळतील. बरुबरीनं."

एवढा राग माझ्याकडं नाही. माझा राग माईकचा आहे.

निघताना म्हणाली, "डोह पायजे ना? मंग गाळ काढा. आमी काढला तवा तुमच्या घरातलं टोपलं धराया कोन आलतं?"

१२ मार्च

बाळूला फोन. म्हटलं, उंबरा राहू दे, गाळ आम्ही काढतो. "आम्ही म्हणजे कोण?" विचारून तो हसला, पण वाईट नाही हसला. "शुक्रवारी मशीन येतंय आक्का. तवर काय काढायचं ते काढ."

१३ मार्च, गुरुवार

पहाटेच्या एसटीनं गेले. टोपलं वहिनीकडून घेतलं. तिनं काही विचारलं नाही, स्वतःचंही घेतलं आणि पदर खोचून मागं आली. सरपंचाची बायको डोहात उतरली म्हटल्यावर बाजाराला आलेल्या चारदोन बायकाही उतरल्या. थोडा वेळ गंमत म्हणून, मग गंमत गेली. गाळ वरून भेगाळलेला, खाली काळा, जड. माझी पाठ गेली. भाषण एकही केलं नाही.

मशीन आजच आलं, एक दिवस आधी. काठावर उभं केलं. ड्रायव्हर बाभळीखाली झोपला.

उन्हं चढल्यावर उंबऱ्याच्या बुडाशी ओल लागली. पाणी नव्हे, ओल. बायका बघायला वाकल्या. वर पाहिलं तर सखू काठावर उभी, मागं मेंढ्या. कधी आली कळलं नाही. खाली उतरून तिनं मी भरलेल्या टोपल्यातला गाळ मुठीत घेतला, दाबला, काळी ढेप झाली. "चांगला हाय," म्हणाली.

मी म्हटलं, मग धर टोपलं.

तिनं धरलं नाही. बाळू तोवर मशीनपाशी येऊन उभा राहिला होता. सखू त्याच्याकडं न बघता, पण त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "धरते. आदी सांगा, हा गाळ जायचा कुनाच्या रानात? मला तर रान न्हाई."

वहिनी थांबली. मी बाळूकडं पाहिलं. मळ्यातली आमची काळी जमीन, जिच्यात सखूच्या आजीनं काढलेला गाळ आहे, ती त्याच्या मागंच दिसत होती. माझाही हिस्सा तिच्यात आहे, मी कधी मागितला नाही, कधी सोडूनही दिला नाही.

बाळू म्हणाला, "आक्का, हे काय नवीन?"

मी टोपलं खाली ठेवलं. सखू तशीच उभी, मुठीत ढेप. ड्रायव्हर उठून बसला आणि त्यानं विचारलं, "सायेब, चालू करू का?"