मधल्या प्लगचे आटे

काल्हेर, भिवंडी
२१ फेब्रुवारी २००५

प्रिय दादा,

गेल्या रविवारी तू फोनवर जे बोललास ते अजून कानातून जात नाही. "येत नाही तर हात कशाला लावतेस? बाबांनी किती जपलीय ती गाडी!" एवढं ऐकवून तू आईकडे फोन द्यायला सांगितलास. मस्कतहून बोलतोस, मिनिटं मोजकी, म्हणून मी गप्प बसले. पण दादा, मला काय झालं ते तू एकदा तरी विचारायचंस. बाबा म्हणाले पोरीने आटे घालवले, आणि तू धरून चाललास.

झालं ते असं. त्याच्या आधीच्या रविवारी आईला अकलोलीला गरम कुंडावर न्यायचं होतं. शनिवारी बाबांनी स्वतः मारुतीचे तिन्ही स्पार्क प्लग काढून साफ केले आणि परत बसवले. मी गोदामात ड्युटीवर होते. रविवारी सकाळी निघालो, वज्रेश्वरीच्या अलीकडच्या चढाला फाटकन आवाज झाला, गाडी धडधडायला लागली. बॉनेट उघडलं तर मधला प्लग आट्यांसकट उपटून बाहेर आलेला, वायरला लोंबतोय. इंजिनचं हेड ॲल्युमिनियमचं, त्यात प्लग तिरका घुसला की आटे गेलेच. आई घाबरून रस्त्याच्या कडेला बसली. टेम्पोला बांधून गाडी घरी आणली. वाटेत बाबा एवढंच म्हणाले, "दिवाळीत प्लग तू लावले होतेस ना?" मी दिवाळीत लावलेले प्लग आदल्याच दिवशी यांनी काढले होते! पण आईसमोर वाद नको म्हणून मी तोंड मिटलं.

गॅरेजवाला म्हणाला हेड उतरवावं लागेल. बाबा म्हणाले, परक्याचा हात लागणार नाही, घरीच करायचं. म्हणजे मी करायचं, त्यांनी खुर्चीवर बसून बोलायचं. कामतघरला लूमचे पार्ट बनवणाऱ्या मोरूकाकांकडून मी आटे पाडायचा टॅप आणला. आधी जुनेच आटे साफ करून पाहिले. प्लग बसला, गाडी सुरू झाली, आणि गल्लीच्या टोकाला पुन्हा फाट. मग मोरूकाकांनी आतबाहेर आटे असलेलं स्टीलचं बुश दिलं. त्यासाठी भोक मोठं करून नवे आटे पाडायचे. टॅपला ग्रीस फासायचं, म्हणजे कीस त्याला चिकटतो, सिलिंडरमध्ये पडत नाही. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, बाहेर काढून पुसायचं, पुन्हा ग्रीस. कंबर मोडली. बुश बसवलं, प्लग घट्ट केला, आणि तपासायला परत काढला तर प्लगबरोबर बुशही बाहेर! मी पाना भिंतीवर फेकून मारला. पोपडा उडालाय, आल्यावर बघ. आणि मागून बाबा चालूच: "तुला घाई. तुला काय येतंय." तीस वर्षं लूम दुरुस्त करणारे जॉबर होते, बोटांनी आटा ओळखणारा माणूस, मान्य. पण हात पुढे का करत नाहीत, याचाच मला राग यायचा. बटणांचे शर्ट सोडून हल्ली टी-शर्टच का घालतात, चहाचा कप दोन्ही हातांनी का धरतात, हे रोज दिसत असून मला काही सुचलं नाही.

परवा सगळं पेट्रोलने पुसून, आटे पकडून ठेवणारं औषध लावून बुश पुन्हा बसवलं आणि एक दिवस तसंच ठेवलं. काल प्लग लावायच्या वेळी बाबा उठले. "सरक. पहिला आटा मी लावणार." त्यांनी प्लग आत सोडला. मला दिसत होतं, तो तिरका होता. मी सांगितलं. "सरळच हाय. मला कळत न्हाय काय?" म्हणाले आणि पान्याकडे हात नेला. मी त्यांचं मनगट धरलं आणि ओरडले, "बाबा, सोडा!" आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांच्यावर ओरडले, दादा. ते थांबले. अंगठा बोटांवर घासत राहिले. मग हळूच म्हणाले, "बोटाला कायच लागत न्हाय, बाय. त्या शनिवारी पण प्लग जड जात होता. मीच पान्याने दाबला."

गणपतीपासून उजव्या हाताची बोटं बधिर आहेत. कोणाला सांगितलं नाही. मी प्लग हाताने सरळ लावला, गाडी पहिल्या चावीला सुरू झाली, आणि आम्ही दोघंही हसलो नाही. इतके दिवस मी ज्याच्यावर चरफडत होते तो माणूस मनातून किती घाबरलेला होता!

गुरुवारी त्यांना ठाण्याला नसांच्या डॉक्टरकडे न्यायचंय. आधी नाहीच म्हणत होते, आता तयार झालेत. गाडी मी चालवणार, ते शेजारी बसणार. पुढच्या फोनला गाडीचं काही विचारू नकोस, त्यांच्याशीच बोल. आणि हे पत्र मी रागाने लिहिलेलं नाही, म्हणजे फक्त रागाने नाही. लिहायला त्यांनीच सांगितलं. "कुणालला कळव, चूक माझी होती, पोरीची न्हाय." फोनवर त्यांना जमलं नसतं. आज सकाळी स्वतः लिहायला बसले होते, तीन कागद फाडले आणि पेन माझ्यापुढे सरकवलं. सही मात्र मीच करणार म्हणाले. हात धरू का विचारलं, तर नको म्हणाले. माझ्या नावाखाली ती जी वाकडी रेघ आहे, ती त्यांची.

तुझीच,
मृणाली