बुडबुडा मधोमध

४ मार्च, गुरुवार

डावं पुढचं चाक परत रुतलं. खाली दोन फळ्या, वर एक तुकडा, गाडी पुढे घे, मागे घे – तासभर हेच. दाराच्या लोखंडी पट्टीवर बुडबुड्याची पाणसळ उभ्या अंगाने ठेवली, आत जमिनीवर आडवी ठेवली. दोन्हीकडे बुडबुडा मधोमध. केसाचा फरक नाही! हात धुऊन आत आलो तर ही पलंगावर डोळे गच्च मिटून, दोन्ही हातांनी कडा धरून पडलेली. म्हणाली, "घसरतेय." मग ओकली.

सातवा मुक्काम. तीच गत.

५ मार्च

वही साइटवरची आहे. पुढच्या पानांवर भिंतींची मापं, म्हणून मागून लिहायला घेतली. बोलणार कोणाशी? हिच्याशी बोललो तर तिला वाटतं तिचाच दोष काढतोय.

आमचं घर नव्या रस्त्यात गेलं. मुलांनी बसून ठरवलं – आई थोरलीकडे, बाबा धाकट्याकडे. दोघांच्या गावांत आठ तासांचं अंतर. मन कुणाचं वाईट नाही, दोघांचीही घरं काडेपेटीएवढी, दोन माणसं जास्तीची मावतच नाहीत. पण भांडी वाटावीत तसं आम्हाला वाटून घेतलं. ही दुसऱ्या दिवशी चहा गाळता गाळता म्हणाली, "पातेलं एका घरी आणि झाकण दुसऱ्या." बस, एवढंच.

मग मी सामान वाहायची जुनी गाडी घेतली. घर पाडायला अजून अवकाश होता. अंगणात उभी केली आणि हिवाळाभर तिच्या पोटात घर बांधलं. पलंग, बाक, ओटा, कपाट – सगळं पाणसळीत, सगळं ओळंब्यात. सुताराला हात लावू दिला नाही. उभा जन्म गवंडीकाम केलं, मला काय सुतार शिकवणार! गाडीचं नाव हिने ठेवलं – विंचू. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर म्हणून. नाव सांगताना इतकी हसली की पदराने डोळे पुसले.

मुलांना म्हटलं, सहा महिने बघू द्या. जमलं तर आम्ही असेच राहू, मुक्काम करत. नाही जमलं तर तुमची वाटणी कबूल.

मला काय ठाऊक, हिच्या कानात काय शिजतंय ते. डॉक्टर म्हणाले तोल सांभाळणारी जागा कानात असते, ती बिघडलीय. सपाट जागी, डोकं जरा उंच ठेवून झोपल्या तर त्रास आटोक्यात राहील. सपाट! मला आयुष्यात दुसरं येतं काय?

६ मार्च

बुडबुडा मधोमध. ही झोपली नाही.

७ मार्च, रविवार

आज गाड्यांच्या तळावर फिरून सगळ्यांच्या गाड्यांखाली वाकून पाहिलं. लोक मला चोर समजले असतील.

फळ्यावाले सगळ्यात जास्त. माझ्यासारखे. फळी स्वस्त, पण ओल्या जमिनीत कलते, आणि एका बाजूला वाढवली की दुसरी बाजू रुसते. दुसरे पाचरवाले – पायऱ्या असलेली प्लास्टिकची पाचर, चाक हवं त्या पायरीवर चढवायचं. सोपं आहे. तिसरे जॅकवाले. चारी कोपरे उचलतात आणि गाडी चौरंगासारखी उभी. पण जॅक वजन उचलायला असतो, रात्रंदिवस पेलून धरायला नाही, हे मी त्यांना सांगितलं. त्यांना आवडलं नाही. आणि कोपऱ्यात एक मोठी गाडी, बटणवाली! मालकाने बटण दाबलं तर खालून चार पाय निघाले, गाडीने स्वतःच स्वतःला तोलून घेतलं. मालक खुर्चीत बसून दाढी करत होता. मी म्हटलं छान आहे. म्हणाला, "काका, तुम्ही कशाला त्रास करून घेता, थोडं तिरकं असलं तर काय बिघडतं?"

थोडं तिरकं असलं तर काय बिघडतं! हे वाक्य ज्याच्या तोंडून ऐकलं त्याला मी कामावरून घरी पाठवलंय.

पाचरी घेतल्या. उद्या नवा तळ, पक्की जमीन.

८ मार्च

पाचर छान बसली. दहा मिनिटांत काम. बुडबुडा असा थांबला जणू खिळा ठोकलाय. हिला हाक मारून दाखवला. चष्मा लावून बघितला आणि म्हणाली, "हो, मधोमध आहे." आणि चष्मा काढून ठेवला.

कपाटाचं दार आपोआप उघडतं. बिजागरी बघायला हवी. हिचं दोऱ्याचं रीळ ओट्यावरून घरंगळून मागे पलंगाखाली गेलं, मीच काढून दिलं. दिवसभर काहीतरी शिवत असते, मी आलो की ठेवून देते. सुईकडे बघून चक्कर वाढेल म्हटलं, तर म्हणाली चालतं. माझे साइटवरचे जुने सदरेही सापडत नाहीयेत, फेकले असणार. चुन्याचे डाग होते, बरंच झालं.

मी पुढे, गाडीच्या रुंदीला आडव्या बाकावर झोपतो, पलंग एकाच्याच मापाचा झाला. पडल्या पडल्या घोरायला लागतो. ती जागी असते हे मला सकाळी तिच्या डोळ्यांवरून कळतं.

९ मार्च

पडली. सकाळी पलंगावरून उठताना. कपाळ ओट्याच्या कोपऱ्यावर. कोपरा मीच घासून गोल केला होता म्हणून डोळा वाचला. रक्त थांबलं. पट्टी मीच बांधली.

थोरलीला कळवावं लागलं. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं. म्हणाली, "बाबा, तुम्ही प्रयत्न केलात. मी रविवारी येते आईला न्यायला." मागून जावईबापूंचा आवाज – सामान फार नको आणायला सांग.

सहा महिने कबूल केले होते. चाळीस दिवस झाले नाहीत.

१० मार्च

आज बोलू नये ते बोललो.

चाकाखाली खड्डा खणून पाहिला, खडी भरून पाहिली, हवा कमी करून पाहिली. आत-बाहेर, आत-बाहेर, वीस वेळा. प्रत्येक वेळी बुडबुडा मधोमध आणि प्रत्येक वेळी ही म्हणते डोकं खाली जातंय. शेवटी माझा तोल गेला. पाणसळ तिच्या तोंडासमोर धरली आणि म्हणालो, "हा खोटं बोलत नाही. तिरकं आहे ते तुझ्या डोक्यात."

तिने हाताने पाणसळ बाजूला सारली. कपाळावर पट्टी. मग अगदी हळू म्हणाली, "मग डोक्यालाच पाचर लावा."

जीभ झडावी माझी.

११ मार्च

बोलत नाही. चहा देते, औषधाची आठवण करते, पण बोलत नाही. दुपारी बघतो तर चालकाशेजारच्या खुर्चीत मान टाकून गाढ झोपलेली. तीन तास! तोंड उघडं, पट्टी सरकलेली. माशी बसू नये म्हणून मी वारा घालत उभा राहिलो. पलंगावर डोळ्याला डोळा नाही आणि खुर्चीत ही झोप? म्हणजे मनाचंच असेल का? की माझ्यापासून जितकी लांब तितकी झोप?

शाळा माझी चौथीपर्यंत. बाकीचं भिंतींनी शिकवलं. पण भिंत अशी गप्प बसत नाही, चुकलं की तडा दाखवते.

१३ मार्च

तिने पिशवी भरायला घेतली. मी म्हटलं राहू दे, मी भरतो. दोघांनी मिळून भरली. दोन लुगडी, औषधं, कंगवा. शिवणाचा डबा तिने घेतला नाही. मी पुढे केला तर म्हणाली, "असू दे इथे."

१४ मार्च, रविवार

नेलं.

थोरली आली, आईला मिठी मारली, माझ्या पाया पडली. गाडी बघितली. पलंगावरून हात फिरवला, म्हणाली काम सुरेख केलंत बाबा. जावईबापू बाहेरच घड्याळ बघत होते. धाकट्याचा निरोप होता – बाबांची कॉट लावून ठेवलीय, गाडी विकायची जाहिरात मी देतो.

ही गाडीत बसली. काच खाली केली. मला वाटलं आता काही बोलेल. म्हणाली, "तुमची गोळी चहाच्या डब्याशेजारी आहे. जेवणाआधी." काच वर गेली.

सत्तरी ओलांडलेला माणूस पाचरी धूत बसला होता. काय करणार, हाताला काहीतरी हवं.

१५ मार्च

भर दुपारी तिच्या पलंगावर जाऊन पडलो. पहिल्यांदाच. उशीला तिच्या तेलाचा वास होता म्हणून.

पाच मिनिटांत कानशिलं ठणकायला लागली. डोक्यात रक्त उतरल्यासारखं. पाय वर आणि डोकं खाली – मीसुद्धा घसरत होतो! वाटलं मलाही तोच आजार लागला. उठलो, पाणसळ आणली, पलंगाच्या कडेच्या लाकडावर ठेवली.

बुडबुडा पायाच्या टोकाला पळाला.

परत जमिनीवर ठेवली. मधोमध. पलंगावर – पायाकडे. ओट्यावर – पुढच्या बाजूला. कपाटाला ओळंब्याची दोरी सोडली. अख्खं कपाट मागे झुकलेलं. चाळीस दिवसांत मी पलंगावर एकदाही पाणसळ ठेवली नव्हती! कशाला ठेवू? तो तर मीच पाणसळीत बसवलेला.

हो. पाणसळीत. पण कुठे उभं राहून? अंगणात. आणि त्या अंगणाच्या फरशीला ढाळ होता, फुटाला पाव इंच, पावसाचं पाणी गटारात जावं म्हणून. तो ढाळ मीच दिला होता, लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, या हातांनी. गाडीचं तोंड गटाराकडे. म्हणजे गाडी पुढे झुकलेली, आणि आत मी ओळंबा सोडून सगळं सरळ करत होतो. सुताराने गाडीच्या जमिनीला गुण्या, म्हणजे काटकोन, लावून मापं घेतली असती. त्याला माहीत असतं गाडी हलते. मी गवंडी. मी भिंत बांधली. भिंत उठून चालायला लागेल हे माझ्या डोक्यात येणार कसं!

सहा फुटांचा पलंग, फुटाला पाव. डोक्याकडे दीड इंच खाली. रोज रात्री. आणि मी जितकी गाडी सरळ केली तितकी हिला नेमकी उलटी टांगली. चालकाशेजारची खुर्ची तेवढी मी बसवलेली नव्हती, म्हणून तिथे झोप.

ज्या एका जागी हे घर सरळ उभं राहतं ती जागा आता रस्त्याखाली आहे.

हिने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. डोकं खाली जातंय. याच शब्दांत.

१६ मार्च

सकाळी थोरलीला फोन केला. सगळं सांगितलं, ढाळ, पलंग, दीड इंच. ऐकून घेतलं तिने. मग म्हणाली, "बाबा, आई काल रात्री शांत झोपली. किती दिवसांनी! आता तिला परत हलवायचं?"

सरळ पलंगावर झोप लागली. लागणारच.

म्हटलं, उठवू नकोस. मी फोन केला तेही सांगू नकोस.

धाकट्याने जाहिरातीसाठी फोटो मागितले. म्हटलं देतो. पण वाकडा पलंग माझ्या हातून विकला जाणार नाही. उद्या गादी काढतो, डोक्याकडचे पाय दीड इंच वाढवतो. दुसऱ्या कुणाची म्हातारी झोपायची त्यावर.

१७ मार्च

गादी उचलली. पलंगाखाली शिवणाच्या डब्यामागे माझे साइटवरचे सदरे. एकावर एक घड्या, बारीक टाके घालून पक्क्या शिवलेल्या – पलंगाच्या रुंदीच्या, एका टोकाला जाड, दुसऱ्याकडे पातळ होत गेलेल्या. पाचर! पट्टी लावली. सव्वा इंच. पाव इंच राहिला होता. सुई तशीच टोचलेली.

तिथेच खाली बसलो होतो तेव्हा फोन वाजला. ही. थोरलीने सांगितलं होतं तर.

विचारलं, तुला कसं कळलं? म्हणाली, "ते अंगण रोज मी धुतलंय. पाणी कुठे पळतं मला ठाऊक नसेल?"

मग मला का नाही सांगितलंस?

"सांगितलं होतं. तुम्ही बुडबुडा दाखवलात."

मी घडीवरून हात फिरवला. तीच म्हणाली, "सुई काढू नका. पलंगाचे पाय कापू-बिपू नका. थोरलीला मी सांगितलंय, ती रविवारी आणून सोडते. राहिलेलं येऊन शिवेन. रीळ तेवढं शोधून ठेवा – मागे घरंगळलं असेल."